पंधरा बिटांचा सेट आणि एक मोडलेलं स्टूल

शनिवारची दुपार आहे, बाहेर पाऊस आहे, बाल्कनीभर भुसा आहे आणि मी चिडलेलो आहे. चिडलेलं असताना लिहू नये असं म्हणतात. पण आठवडाभर क्लायंटला गोडगोड मेल लिहून झाल्यावर माणसाला कुठेतरी मनसोक्त भांडायला मिळायला हवं की नाही? ती सोय म्हणजे हा ब्लॉग. तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा. आजचं भांडण राउटरच्या बिटांबद्दल आहे.

आधी एक खुलासा. राउटर म्हणजे वायफायचा नव्हे, लाकूड कोरायचा. आमच्या टीममधल्या एकाला मी 'नवा राउटर घेतला' म्हणून सांगितलं, तर त्याने विचारलं, 'स्पीड किती मिळतो?' मी म्हटलं, 'तीस हजार.' तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो. तर हे तीस हजार म्हणजे मिनिटाला फेरे. मोटरच्या टोकाला एक पकड असते, तिला कॉलेट म्हणतात. त्यात धारदार बिट बसवायचा आणि फिरता बिट लाकडात उतरवायचा. आपल्याकडचे मिस्त्री लोक छोट्या राउटरला ट्रिमर म्हणतात, कारण ते त्याने बहुतेक वेळा सनमायकाच्या कडाच मारतात.

आणि मॉर्टिस म्हणजे एका लाकडात कोरलेली लांबट, खोल खाच. दुसऱ्या लाकडाच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ काढायची, ती टेनन. जुने सुतार तिला कुसू म्हणतात. तुमच्या आजोळच्या दाराची चौकट, देवघर, बाज, सगळं या एका सांध्यावर उभं असतं. आणि हा सांधा आजचा नाही. जर्मनीत लाइपझिगच्या परिसरात सापडलेल्या ओकच्या लाकडाच्या विहिरी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, असं २०१२ साली संशोधकांनी दाखवलं. त्यांतही हा सांधा आहे. तेव्हा धातूची अवजारंसुद्धा नव्हती. दगडी हत्यारांनी लोकांनी जे जमवलं, ते मला कार्बाइडचा बिट आणि वीज असूनही जमलं नाही. का, त्याचीच ही गोष्ट.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये सगळे केक करत होते तेव्हा मी लाकूडकाम सुरू केलं. फळ्या, शेल्फ, कुंड्यांचे स्टँड वगैरे स्क्रूवर भागत होतं. मग बाबांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांना देवापुढे पाटावर बसणं जमेना. प्लास्टिकचं स्टूल देवघरासमोर आईला चालेना. म्हटलं, मी करतो की! सागवानाचं, स्क्रू न लावता, खऱ्या सांध्यांचं. ४० मिलिमीटरचे चार पाय, २० मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, वर चार आणि खाली चार. म्हणजे सोळा मॉर्टिस. प्रत्येक २० मिलिमीटर खोल.

बिट कुठले घ्यावेत म्हणून चार ठिकाणी विचारलं. उत्तर एकच: 'सुरुवातीला सेट घे. पंधरा बिट मिळतात, सगळी कामं होतात.' लाकडी डबी, आत मखमल, त्यात पंधरा चकचकीत बिट रांगेत उभे. बघूनच हात शिवशिवतात. घेतला. त्यातल्या ६ मिलिमीटरच्या सरळ धारेच्या बिटाने दोन शनिवार-रविवार खपून सोळाच्या सोळा मॉर्टिस मारल्या. धूर आला, वास आला, लाकडाच्या कडा मात्र बऱ्या आल्या. गोंद लावला, शिकंजात आवळलं, पॉलिश केलं, फोटो काढला. फोटोला भरपूर लाइक मिळाले.

तीन महिन्यांनी एका सकाळी बाबा पूजेला बसले आणि मागचा एक पाय पट्टीतून सुटून आला. ते भिंतीला धरायला गेले आणि मनगटावर पडले. हाड वाचलं. दोन आठवडे हाताला क्रेप बँडेज होतं. बाबा मला काही बोलले नाहीत. आईला म्हणाले, 'त्याने मन लावून केलं होतं गं.' हे जास्त लागलं.

आपण आयटीवाले. प्रॉडक्शनला काही पडलं की आपण आधी काय करतो? रूट कॉज शोधतो. मी करवत घेऊन ते स्टूल सांध्यासांध्यावर उभं चिरलं आणि आत काय आहे ते बघितलं. तीन गोष्टी दिसल्या.

एक, प्रत्येक मॉर्टिसच्या तळाशी तीन-चार मिलिमीटरचा भुशाचा घट्ट थर होता. इतका दाबलेला की स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. जोडणी करताना टेनन पूर्ण आत जात नव्हता तेव्हा मी काय केलं होतं, आठवलं. टेननच कापून आखूड केला होता! टेस्ट फेल होते म्हणून टेस्टच बदलायची, तसला प्रकार.

दोन, खाचेच्या भिंती काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या. जळलेल्या, चकाकी आलेल्या लाकडात गोंद मुरत नाही. सागवानात मुळात तेल, त्यात हे. गोंदाची पापडी भिंतीपासून अख्खी सुटून आली.

तीन, ६ मिलिमीटरच्या बिटाने मारलेली खाच काही ठिकाणी ७ मिलिमीटर होती. टेनन सैल बसला म्हणून मी गोंदात भुसा कालवून फट भरली होती. पांढऱ्या गोंदाला दोन लाकडं एकमेकांना घट्ट टेकलेली लागतात. फट भरणं हे त्याचं काम नाही.

भुसा साचला, लाकूड जळलं, बिट भरकटला. या तिन्हींच्या मुळाशी एकच कारण आहे, आणि माझं आजचं भांडण त्यासाठीच आहे. मॉर्टिससाठी बिट निवडताना आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारतो. आपण विचारतो, 'कड स्वच्छ येईल का?' किंवा 'एकात किती कामं होतील?' विचारायला हवं ते हे: कापलेलं लाकूड बाहेर कसं पडणार?

जरा डोळ्यांपुढे आणा. फळीची कड मारताना बिटाची एक बाजू मोकळी असते, भुसा हवेत उडून जातो. आरपार कापताना तो खालून पडतो. मॉर्टिसला मात्र चार भिंती आणि एक तळ असतो. पाच बाजू बंद, एकच तोंड उघडं, आणि त्या तोंडातसुद्धा बिट उभा. लाकूड कापून सुटं झालं की ते आधीच्या दुप्पट-तिप्पट जागा घेतं. ही जागा आणायची कुठून? म्हणजे भुसा वर यायलाच हवा आणि तो आपण होऊन येत नाही. कुणीतरी त्याला उचलावं लागतं.

सरळ धारेचा बिट त्याला उचलत नाही. त्याच्या धारा दांडीला समांतर असतात. तो भुसा गोल गोल घुसळतो, मिक्सरमध्ये चटणी घुसळावी तसा. तोच भुसा पुन्हा पुन्हा कापला जातो, तापतो, भिंतींवर घासतो. म्हणून तो धूर. मी त्या धुराला दोन वीकेंड 'सागवानाचा छान वास' समजत होतो!

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. पिळाच्या धारेचा बिट, त्यातही अपकट, म्हणजे ज्याचा पीळ भुसा वर, मशीनच्या दिशेने उचलतो तो. दिसायला ड्रिलच्या बिटासारखा. दिसायलाच कशाला, तत्त्वही तेच. तुमच्या घरातला कुठलाही ड्रिल बिट बघा, तो अपकट असतो. गिरमिट घ्या, तेच. चौकोनी भोक पाडायच्या मोठ्या मशीनमध्ये पोकळ चौकोनी छिन्नीच्या आत जो स्क्रू फिरतो, तोही भुसा वरच आणतो. खोल भोकातून माल वर काढायला मळसूत्र लागतं हे माणसाला कधीचं ठाऊक आहे. राउटर हातात आला की तेवढं आपण विसरतो.

आता विरोधी पक्ष. पहिला मुद्दा नेहमी हाच: 'अपकटने वरच्या कडेला लाकडाचे तंतू उचलले जातात, कड केसाळ दिसते. स्वच्छ कडेसाठी डाउनकट घ्या.' हा सल्ला देणाऱ्यांना मला हात जोडून विचारायचं आहे, अहो, ती कड बघणार कोण? टेननला खांदे असतात. सांधा बसला की ते खांदे मॉर्टिसच्या तोंडावर चारी बाजूंनी टेकतात आणि कड कायमची झाकली जाते. जे कधीच दिसणार नाही त्याच्या सौंदर्यासाठी आपण भुसा खाली दाबणारा बिट घ्यायचा? डाउनकटचा पीळ उलटा असतो, तो भुसा तळाकडे ढकलतो. बंद तळाच्या खोल खाचेत डाउनकट घालणं म्हणजे नाल्याच्या तोंडावर प्लास्टिकच्या पिशव्या टाकून रस्ता झाडणं. वरून रस्ता स्वच्छ दिसतो, हे खरं.

डाउनकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. व्हीनियर लावलेल्या प्लायमध्ये उथळ खोबण मारायची असेल आणि ती कड दिसणार असेल, तर डाउनकटच घ्या. प्लायचा अख्खा तुकडा कापायचा असेल तर कंप्रेशन बिट घ्या, त्याचं टोक वर ओढतं आणि वरचा भाग खाली दाबतो, त्यामुळे दोन्ही कडा साफ येतात. प्रत्येक बिटाला त्याचं काम आहे. मॉर्टिस हे त्या दोघांचं काम नाही, इतकंच.

दुसरा मुद्दा: 'हातात कसब असेल तर कुठलाही बिट चालतो. आमचे मिस्त्री काय स्पायरल बिट वापरायचे?' नव्हते वापरत. पण मिस्त्री पटाशीने खाच मारताना एकदा बारकाईने बघा. दोन ठोके खाली, मग पटाशी मागे दाबून ढलपी उचकटून वर. पुन्हा दोन ठोके, पुन्हा ढलपी बाहेर. खाच मारायची खास पटाशी जाड असते ती याचसाठी, उचकटताना वाकू नये म्हणून. म्हणजे ज्या परंपरेचा दाखला माझ्याविरुद्ध दिला जातो, ती माझ्याच बाजूची आहे! मिस्त्रींच्या कसबातलं अर्धं कसब माल बाहेर काढण्याचं आहे. राउटरमध्ये ते काम हाताला करता येत नाही, तिथे हात पोचतच नाही. ते बिटालाच करावं लागतं. आणि एक-दोनच मॉर्टिस मारायच्या असतील तर राउटर कपाटात ठेवा आणि पटाशी घ्या, असं मीच सांगेन. सोळा असतील तर मात्र बिटाचा विचार करा.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि तो खरा आहे. सॉलिड कार्बाइडचा ६ मिलिमीटरचा एक अपकट बिट मला जवळपास त्या पंधरांच्या सेटच्या भावात पडला. पंधराच्या किमतीत एक! आपल्या पिढीला हे फार झोंबतं. आपण फोन घेतानासुद्धा कॅमेरे मोजतो. पण गेल्या वर्षभरात त्या सेटमधले किती बिट वापरले ते मी मोजलं. चार. उरलेले अकरा मखमलीत झोपले आहेत आणि त्यातले काही नक्की कशासाठी असतात हे मला आजही सांगता येणार नाही. म्हणजे मी अकरा बिटांचे पैसे डबीच्या शोभेसाठी दिले. एका बिटाला 'महाग' म्हणताना हा हिशेब कुणी करत नाही. मोडलेल्या स्टुलाचं सागवान तर मी त्यात धरलेलंच नाही. बाबांचं मनगटही नाही.

स्वस्तात भागवायचं तर एचएसएसचा स्पायरल मिळतो, पीळ तोच. पाइन किंवा तसल्या मऊ लाकडात तो चालतो. पण सागवानात सिलिका असते, म्हणजे लाकडातच बारीक वाळू समजा. एचएसएसची धार तिथे लवकर बसते आणि बोथट बिट पुन्हा जाळायला लागतो. कार्बाइड टिकतं, पण ठिसूळ असतं. फरशीवर पडला तर धारेचा टवका उडतो. माझा एक असाच गेला, त्याबद्दल पुन्हा कधीतरी रडेन.

बरं, नुसतं 'अपकट घ्या' म्हणून मी पळून जाणार नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत जे काही डोक्यात उरलं आहे ते कधी वापरायचं?

मापापासून सुरू करा. मॉर्टिसची रुंदी साधारण टेननच्या लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश धरतात. २० मिलिमीटरच्या पट्टीला ६, २५ च्या पट्टीला ८, ३५-४० ला १२. आणि टेनन बिटाप्रमाणे करा. बिटाचं माप ठरलेलं आहे, टेनन तुमच्या हातात आहे, घासून घासून बसवता येतो. उलटं करायला गेलात तर खाच मोठी करण्याच्या नादात बिट दोनदा फिरवाल आणि सांधा सैल होईल.

मग दांडी. मोठ्या राउटरला १२ मिलिमीटर किंवा अर्ध्या इंचाची कॉलेट असते, ट्रिमरला ६ मिलिमीटर किंवा पाव इंचाची. इथे एक सापळा आहे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि अर्धा इंच म्हणजे १२.७. ६ ची दांडी पाव इंचाच्या कॉलेटमध्ये जाते, आवळल्यावर घट्ट बसल्यासारखीही वाटते. ती घट्ट नसते. तीस हजार फेऱ्यांना तो बिट सुटला तर काय होईल याची कल्पना करा आणि दुकानातच कॉलेटचं माप विचारून घ्या. अपकटच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण तो भुसा वर उचलताना स्वतःला खाली, कॉलेटच्या बाहेर ओढत असतो. हा त्याचा खरा दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. कॉलेट स्वच्छ ठेवा, दांडी पुरेशी आत घाला, तळाला टेकवून मग दोन-तीन मिलिमीटर वर घ्या आणि नीट आवळा. एवढ्याने भागतं.

मग लांबी. एका टोकाला पकडलेल्या दांडीचं वाकणं लांबीच्या घनाप्रमाणे वाढतं आणि व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे घटतं. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, तोच विषय ज्यात निम्मा वर्ग अडकला होता. बिट कॉलेटबाहेर दीडपट काढला तर तो साधारण सव्वातीन-साडेतीनपट जास्त वाकतो. ६ च्या जागी ८ चा घेतला तर वाकणं एक तृतीयांशाच्या आसपास येतं. माझी ६ ची खाच ७ ची का झाली ते इथे कळतं. थोडी जास्त खोली मिळावी म्हणून मी बिट कॉलेटमधून जेमतेम टोकावर पकडला होता. तेव्हा गरजेइतकाच लांब बिट घ्या आणि जमेल तेवढा जाड घ्या.

मग बिटाचं नाक. बिट उलटा धरून टोकाकडे बघा. धारा मध्यापर्यंत पोचतात का? अनेक सरळ बिटांच्या टोकाला मध्यभागी धारच नसते, कारण ते बाजूने कापायला बनवलेले असतात. असा बिट सरळ खाली दाबला की मधलं लाकूड कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं. सरळच बिट वापरायची वेळ आली तर निदान मध्यापर्यंत धार असलेला घ्या, आणि व्हॅक्यूम लावून, जरा जरा खाली जात, प्रत्येक फेरीनंतर भुसा काढत काम करा. होतं तसंही. वेळ लागतो.

आणि शेवटी हाताचा वेग. दोन धारांचा बिट तीस हजारांवर फिरला की मिनिटाला साठ हजार काप होतात. ४० मिलिमीटरची खाच तुम्ही 'सांभाळून' चार सेकंदांत पार केलीत, तर प्रत्येक कापाच्या वाट्याला ०.०१ मिलिमीटर लाकूड येतं. केसापेक्षाही कितीतरी पातळ. एवढं पातळ काही कापलं जात नाही, धार नुसती घासते आणि लाकूड जळतं. वेग अठरा हजारांवर आणा आणि तीच खाच एका सेकंदात पार करा. वाटा ०.०६ च्या पुढे जातो आणि पावडरीऐवजी खरी ढलपी निघायला लागते. नवखा माणूस घाबरून सावकाश जातो आणि त्यानेच लाकूड जाळतो. सावकाश जायचं ते खोलीत: एका फेरीत बिटाच्या निम्म्या व्यासाइतकं, म्हणजे ६ च्या बिटाला ३ मिलिमीटर. खूपच खोल जायचं असेल तर आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून बराचसा माल काढून टाका आणि राउटरला फक्त भिंती साफ करायला ठेवा.

दिशाही बघा. राउटर पुढे ढकलताना बिट त्याला डावीकडे ओढतो. म्हणून बाजूची फेन्स कामाच्या उजव्या अंगाला टेकवा, म्हणजे बिटच फेन्सला लाकडावर आवळून धरतो. परत येताना हे उलटं होतं, म्हणून जाताना कापा, येताना नुसते या.

हो, एक राहिलंच. राउटरच्या खाचेची टोकं गोल येतात आणि लोक ती चौकोनी करण्यात संध्याकाळ घालवतात. हौस असेल तर करा. पण सांध्याची ताकद लांब बाजूंच्या भिंतींत असते, तिथे तंतूला तंतू लागून गोंद धरतो. टोकांना तंतू आडवे कापलेले असतात, तिथे गोंद फारसा धरतच नाही. टेननचे कोपरे कानसीने गोल करा आणि मोकळे व्हा.

एवढं सगळं एका बिटासाठी? हो, एवढं सगळं. कारण 'सेट घे, सगळी कामं होतात' हे वाक्य ज्यांनी मला सांगितलं त्यांच्यापैकी एकानेही 'काम कुठलं आहे?' हा प्रश्न विचारला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही तो स्वतःला विचारला नाही. ऑफिसात कुणी रिक्वायरमेंट न ऐकता टूल सुचवलं तर आपण मीटिंगमध्ये त्याची सालटी काढतो. लाकडाच्या बाबतीत आपण मखमलीची डबी बघून विरघळतो. शेल्फ पडलं तर पुस्तकं पडतात. स्टूल मोडलं तर माणूस पडतो. हौस म्हणून काम करणाऱ्यालासुद्धा हा फरक कळायला हवा.

गेल्या महिन्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून पुन्हा सागवान आणलं. तेच माप, तीच सोळा मॉर्टिस, ६ चा अपकट, अठरा हजार. धूर नाही. बिटाभोवती ढलप्यांचं छोटं कारंजं उडत होतं आणि खाचेत हवा मारली की तळ स्वच्छ दिसत होता. कडा केसाळ आल्या, हे कबूल करतो. टेननच्या खांद्याखाली त्या गेल्या त्या गेल्या. एक जादा सांधा मुद्दाम केला आणि गोंद वाळल्यावर मोडून बघितला. या वेळी गोंदाची पापडी सुटली नाही, लाकूडच फाटलं.

स्टूल काल बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चारी बाजूंनी हलवून बघितलं, उलटं करून बघितलं, पट्टीवर टिचकी मारली. मग उचललं, बाल्कनीत नेलं आणि त्यावर तुळशीची जड कुंडी ठेवली.

'महिनाभर हिला बसू दे,' म्हणाले. 'मग मी बघतो.'